खेळकर मांजर आणि मागाच्या खोलीचं दार

वाचकाचं पत्र :

आम्ही बेळगावात वडगावला राहतो. सदाशिवनगरात एक ताई रस्त्यावरची मांजरं घरी आणून तात्पुरती सांभाळतात आणि चांगलं घर मिळालं की देतात. त्यांच्याकडे चार महिन्यांचं एक पिल्लू आहे, मादी. पावसात गटारातून काढलेलं. आम्ही बघायला गेलो तर तिनं माझ्या पदरावर झडप घातली, मुलाच्या बुटाची नाडी काही केल्या सोडेना. मुलगा नऊ वर्षांचा आहे, तेव्हापासून दुसरं बोलत नाही. पण ताईंच्या अटी फार आहेत. खिडक्यांना जाळी बसवा, नसबंदी करणार असं लिहून द्या, त्या घर बघायला येणार. आमचे मालक म्हणतात, फुकटच्या मांजराला एवढं कशाला? सासूबाई शुद्ध शाकाहारी, त्यांना घरात मांजर नकोच आहे. दिवाळीत नणंद बाळंतपणाला येणार, त्याचीही काळजी. घर जुनं, कौलारू आहे. सासऱ्यांचे मागच्या खोलीत दोन पॉवरलूम आहेत. पिल्लू आणावं का?

उत्तर :

ताई, तुम्ही अटींबद्दल लिहिलंत, सासूबाईंबद्दल लिहिलंत, आणि सगळ्यात शेवटी जाता जाता लिहिलंत की मागच्या खोलीत दोन माग आहेत. माझ्या दृष्टीनं निर्णय त्या शेवटच्या वाक्यावर आहे. बाकीच्या सगळ्या अडचणींना उपाय आहेत, ते खाली सांगतेच. पण आधी मागाचं बोलू.

पदरावर झडप घालणारं, बुटाची नाडी न सोडणारं पिल्लू म्हणजे हलणाऱ्या लांबट वस्तूच्या मागे लागणारं पिल्लू. आणि वडगाव-खासबागेतल्या मागाच्या घरात दोऱ्याला काय तोटा? कांड्या, म्हणजे दोऱ्याच्या छोट्या रिळा, भरताना तुटलेली टोकं, मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातून निघालेल्या अर्धवट कांड्या, जरीचे तुकडे, कोपऱ्यात साठलेला गुंता. तुम्हाला ते आता दिसतही नसेल इतकं अंगवळणी पडलेलं असणार. पिल्लाला मात्र पहिलं तेच दिसणार.

मांजराच्या जिभेवर घशाच्या दिशेनं वळलेले बारीक काटे असतात. दोरा तोंडात गेला की या काट्यांमुळे तो बाहेर थुंकता येत नाही, आतच सरकत जातो. बऱ्याचदा त्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठरात अडकून बसतं आणि दुसरं टोक आतड्यात पुढे जातं. आतडं तो दोरा ढकलायचा प्रयत्न करतं, पण टोक अडकलेलं असल्यानं दोरा जात नाही, उलट आतडंच त्याच्यावर गोळा होतं. परकराची नाडी ओढली की नेफ्याला चुण्या पडतात ना, तसं. मग तो ताणलेला दोरा आतड्याला आतून कापतो. रेशमी किंवा नायलॉनचा दोरा असेल तर तो तुटतही नाही. यावर गोळी-औषध नाही, बहुतेक वेळा पोट उघडूनच काढावा लागतो, आणि उशीर झाला तर मांजर वाचत नाही.

खुणा ओळखून ठेवा. वारंवार उलटी, खाणं बंद, कोपऱ्यात अंग चोरून बसणं, पोटाला हात लावू न देणं, तोंडाशी पंजा घासत राहणं. तोंडातून किंवा शेपटीखालून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं तर ते अजिबात ओढायचं नाही. माणसाचा हात आपोआप तिकडे जातो, म्हणून मुलालाही हे आधीच सांगून ठेवा. ओढलं की आतलं आतडं चिरतं. टोक जसं आहे तसं राहू द्यायचं आणि तडक डॉक्टर गाठायचा.

म्हणून माझा पहिला प्रश्न तुमच्या सासऱ्यांसाठी आहे. तुमच्या पत्रात मालकांचं मत आहे, सासूबाईंचं आहे, मुलाचं आहे. त्यांचं मात्र नाही. मागाची खोली त्यांची. दिवसातून किती वेळा ते आत-बाहेर करतात, कांड्या भरणारं माणूस कुठून येतं, दार उघडं का ठेवावं लागतं हे त्यांनाच माहीत. गरम होतं, हवा लागते म्हणून दार उघडं ठेवत असतील तर लाकडी चौकटीत बारीक जाळीचं दार करून घ्या, स्प्रिंग लावा म्हणजे ते आपोआप बंद होईल, आणि खालच्या फटीला रबरी पट्टी मारा. सुताराचं एका दिवसाचं काम आहे. माग चालू असताना पिल्लू आत शिरलं तर दोऱ्याच्याही आधी पट्ट्याची आणि धोट्याची भीती आहे, तेव्हा या दारानं दोन्ही गोष्टी सांभाळल्या जातील. शिवाय मागावरून उठून घरात येताना कपड्यांना, पायांना दोरे चिकटून येतात, ते उंबऱ्याशी झटकायची सवय सगळ्यांनाच लावावी लागेल. घरातली सुई-दोऱ्याची डबी झाकणाची हवी. दोरा ओवलेली सुई उघड्यावर राहिली तर ती सगळ्यात वाईट.

सासरे मनापासून हो म्हणाले आणि दार बसलं, तर पिल्लू जरूर आणा. दार होणार नसेल, किंवा सासरे नुसतं 'बघू या' म्हणत असतील, तर हे पिल्लू आणू नका. मुलगा रडेल, मला कळतंय. तरीही नाही. अशा वेळी त्याच ताईंना विचारा की तुमच्याकडे मोठं, शांत स्वभावाचं मांजर आहे का. पिल्लांना घरं पटापट मिळतात, तीन-चार वर्षांची मांजरं मात्र तशीच मागे राहतात. त्यांचा स्वभाव ठरून गेलेला असतो, कोणतं मांजर दोऱ्याकडे ढुंकून बघत नाही हे सांभाळणाऱ्या बाईला नेमकं माहीत असतं. अर्थात मागाची खोली त्यांनाही बंदच.

आता मालकांचं म्हणणं. फुकटचं मांजर म्हणतात, पण त्या ताईंनी पिल्लू गटारातून काढल्यापासून त्याचं खाणं, औषध, दवाखाना, रात्रीचं जागरण सगळं केलंय. अटी का घालतात, हे तुम्हालाही ठाऊक असेल. आपल्याकडे मांजर नकोसं झालं की पोत्यात घालून लांबच्या गावात किंवा नदीपलीकडे सोडून यायची पद्धत जुनी आहे, आणि करणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. घरात वाढलेल्या मांजराला तिथे खायला मिळत नाही, कुत्री फाडतात. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणं हा 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. ज्यांनी अशी मांजरं उचलून आणली आहेत त्या घर बघितल्याशिवाय पिल्लू देणार नाहीत. त्या आल्या की चहा द्या, मागाची खोली तुम्ही होऊनच दाखवा, लपवू नका. उलट तुमच्याकडूनही एक अट घाला. जमलं नाही तर मांजर परत त्यांच्याकडेच येईल, असं कागदावर लिहून घ्या. चांगली फॉस्टर करणारी, म्हणजे मांजरं तात्पुरती सांभाळणारी बाई त्याला आनंदानं तयार होते.

जाळीबद्दल एक लक्षात ठेवा. तुमचं घर कौलारू आहे, म्हणजे खिडक्यांना जाळी मारली तरी भिंत आणि कौलं यांच्यामधली सांद उघडी राहते. मांजर आधी माळ्यावर, तिथून त्या फटीतून कौलांवर, आणि तिथून गल्लीत. ती फट बुजवून घ्या. पावसाळ्यात कौलं फुटली, सरकली की पुन्हा तपासा.

नसबंदीवर मालकांना एकच गोष्ट सांगा. मांजराची मादी चौथ्या महिन्यातही गाभण राहू शकते, आणि साधारण दोन महिन्यांत विते. एक बाळंतपण होऊ द्यावं, मग तब्येत चांगली राहते, असं लोक सांगतात त्याला काही आधार नाही. ऑपरेशन लवकर झालं तर पुढे स्तनांच्या गाठींचा धोका बराच कमी होतो. तुमचं पिल्लू आताच चार महिन्यांचं आहे, तेव्हा लसी पूर्ण झाल्या की लगेच डॉक्टरांकडून तारीख घ्या. घरातली मादी माजावर आली की रात्र रात्र ओरडते, दारा-खिडक्यांवर धडका देते, आणि गल्लीतले सगळे बोके तुमच्या कौलांवर जमतात. सासूबाईंना ते मुळीच आवडणार नाही.

सासूबाईंचं मन वळवण्याआधी त्यांचं ऐकून घ्या. त्यांचा आक्षेप खाण्याचा असेल तर तो खरा आहे, टाळू नका. मांजर दूध-भातावर, दूध-चपातीवर जगतं असं आपण लहानपणापासून बघत आलो, पण ती मांजरं बाहेर उंदीर-पाखरं मारून पोट भरत होती. मांजर हे पूर्ण मांसाहारी जनावर आहे. टॉरिन नावाचा एक घटक त्याला मांसातूनच मिळतो, तो कमी पडला तर डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदय कमजोर पडतं. बऱ्याच मोठ्या मांजरांना गाईचं-म्हशीचं दूध पचतही नाही, जुलाब होतात. त्यामुळे घरी आणून शाकाहारी ठेवू म्हणत असाल तर आणूच नका. पण घरात मासे-मटण शिजवावं लागत नाही. मांजराच्या कोरड्या खाद्याची पाकिटं मिळतात, पिल्लांसाठीचं वेगळं असतं, त्यात लागतं ते सगळं आलेलं असतं. कुत्र्याचं खाद्य चालत नाही, स्वस्त पडलं तरी. तिची वाटी, पाण्याचं भांडं आणि पाकीट स्वयंपाकघराच्या बाहेर ठेवा, वाटी वेगळी घासा. शिवू नये ते शिवलं जाणार नाही एवढी खात्री सासूबाईंना पहिल्या दिवसापासून दिसली पाहिजे. कांदा-लसूण घातलेलं उरलंसुरलं तिला कुणी देऊ नये, ते मांजराला विषारी आहे. क्रोसिनसारखी पॅरासिटामॉलची गोळी तर अर्धीसुद्धा जीव घेते, तेव्हा ताप आलाय म्हणून घरचं औषध कधीच नको. कुत्र्याच्या गोचिडांचं औषधही मांजराला लावायचं नाही.

मांजर आडवं गेलं, अपशकुन झाला, हे त्या बोलल्या तर वाद घालू नका. बाळाच्या पाचवी-सहावीला जिची पूजा होते त्या षष्ठीदेवीचं वाहन मांजर मानलं आहे, एवढं त्यांना आठवण करून द्या. नात किंवा नातू घरात येणार आहे, त्यांना ते पटेल असं मला वाटतं.

नणंदेची काळजी रास्त आहे, पण तिच्यामुळे मांजर नाकारायची गरज नाही. गरोदर बाईला मांजरापासून ज्या आजाराची भीती सांगतात तो टॉक्सोप्लाझ्मोसिस. त्याचे जंतू मांजराच्या शीमधून येतात, पण बाहेर पडल्यावर ते बाधक व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून लिटरचा, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठीच्या मातीचा, ट्रे रोज न चुकता साफ करायचा आणि ते काम नणंदेनं करायचं नाही. तुम्ही किंवा मालकांनी करायचं, नंतर साबणानं हात धुवायचे. घराबाहेर न जाणारं, उंदीर न मारणारं, पाकिटातलं खाणारं मांजर असेल तर धोका फारच कमी. हा आजार न धुतलेल्या भाजीतून, बागेतल्या मातीतून, कच्च्या राहिलेल्या मांसातूनही होतो, तेव्हा ती काळजी मांजर नसलं तरी हवीच. नणंदेनं तिच्या डॉक्टरांना घरात मांजर आहे हे सांगावं. बाळ आल्यावर झोळी हे मांजराला आयतं अंथरूण वाटतं, म्हणून बाळाच्या खोलीचं दार बंद ठेवा आणि बाळ-मांजर दोघांनाच कधी एकत्र सोडू नका.

मुलाचा भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो. नऊ वर्षांच्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी जपायची संधी मिळते आहे, पण ते कसं करायचं हे त्याला कुणी शिकवायला हवं. पिल्लाशी हातानं खेळायचं नाही, हा पहिला नियम. आज ती इवलीशी आहे, बोट चावलं की गंमत वाटते. सहा महिन्यांनी तेच दात आणि तीच नखं रक्त काढतील, आणि तेव्हा दोष तिचा नसेल. खेळायला काठीच्या टोकाला कापडाची जाडशी पट्टी घट्ट बांधा, दोरी किंवा सूत नको. पट्टी तिच्या अंगावर नाचवायची नाही, तिच्यापासून लांब पळवायची. उंदीर कधी मांजराकडे धावत येत नाही. पट्टी दाराआड अर्धी लपवली, थांबवली, जराशी हलवली की बघा काय होतं. ती पोट जमिनीला लावेल, डोळे मोठे करेल, मागचा भाग डावी-उजवीकडे हलवेल आणि मग झेप. पकडल्यावर पुढच्या पायांनी मिठी मारून मागच्या पायांनी लाथा झाडेल. ते तिला पूर्ण करू द्यायचं. नुसतं पळवत ठेवलं आणि कधीच पकडू दिलं नाही तर ती चिडचिडी होते.

दिवसातून दोन-तीन वेळा, दहा-पंधरा मिनिटं एवढा खेळ पुरे. मांजरं पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त जागी असतात, तेव्हा शाळेतून आल्यावर एकदा आणि रात्री जेवणाआधी एकदा, अशी वेळ मुलाला ठरवून द्या. खेळ संपला की लगेच खाणं. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप हा तिचा क्रम आहे. तो पाळलात तर पहाटे चार वाजता तुमच्या पायांवर उड्या पडणार नाहीत. काठी खेळ झाल्यावर कपाटात ठेवायची, बाहेर सोडायची नाही. एकटी असताना खेळायला कागदाचा बोळा, टेबल टेनिसचा चेंडू आणि साडीचे रिकामे खोके द्या. खोके तर तुमच्याकडे ढिगानं असतील, त्यातली सुतळी आणि चिकटपट्टी काढून टाकली म्हणजे झालं. खेळता खेळता चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टरांना दाखवायची, हे मुलाला भीती न घालता सांगा. तिला रेबीजची लस टोचली असली तरी दाखवायचंच.

आणण्याआधी ताईंकडे पुन्हा एकदा जा, यावेळी भर दुपारी, मुलाला घरी ठेवून. पहिल्या भेटीत पाहुणे आले म्हणून पिल्लू उसळलेलं असतं. दुपारी ते झोपेतून उठून तुमच्याजवळ येतं का, उचललं की घाबरतं का, हे बघायला मिळेल. तिचं दुसरं भावंड तिथे असेल आणि दोघं एकत्र खेळत असतील तर मी म्हणेन, दोघांचा विचार करा. दोन पिल्लं एकमेकांना दमवतात, चावण्याचा जोर किती हेही एकमेकांकडून शिकतात. पण खर्च दुप्पट आहे आणि सासूबाई एकालाच तयार होताना मुश्कील, तेव्हा याचा आग्रह धरत नाही.

घरी नेताना स्कूटरवर कुशीत धरून किंवा पिशवीत घालून नेऊ नका. सदाशिवनगरपासून वडगावपर्यंत हॉर्न आणि गर्दी आहे, ती बिथरून उडी मारेल. ताईंकडून कॅरिअर, म्हणजे मांजर न्यायची पेटी, मागा, वर चादर टाका, रिक्षा करा. सोबत तिचं अंथरुणाचं फडकं न धुता आणा, तोच वास तिला धीर देतो. पहिला आठवडा तेच खाद्य आणि तेच लिटर ठेवा. मागापासून सगळ्यात लांबच्या खोलीत, दार लावून, ट्रे आणि वाटी समोरासमोरच्या कोपऱ्यात ठेवून तिला तिच्या गतीनं बाहेर येऊ द्या. मागाची खटखट ऐकून ती पहिले काही दिवस पलंगाखाली बसली तर ओढून काढू नका. फक्त एक दिवस उलटूनही काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. एवढं लहान पिल्लू जास्त वेळ उपाशी राहता कामा नये.

ताईंकडून लसीचं कार्ड मागून घ्या. ट्रायकॅट, म्हणजे मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्र लस, तिचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं असतात आणि शेवटचा सोळा आठवड्यांनंतर पडायला हवा, म्हणजे तुमच्या पिल्लाचा तो आता येतोय किंवा नुकताच झाला असेल. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर देतात. जंताचं औषध कधी दिलं तेही लिहून घ्या. आणि गावातल्या कोणत्या दवाखान्यात मांजराच्या पोटाचं ऑपरेशन होतं, रात्री कोण फोन उचलतं, हे पिल्लू घरी यायच्या आधी विचारून नंबर मागाच्या खोलीच्या दारावर चिकटवून ठेवा. सासऱ्यांनाही तो तोंडपाठ असू द्या, कारण दिवसभर घरात तेच असणार.